हँडल लॉक केलं का?

1983 साली आमच्याकडे चेतक आली. नंबर लावल्यावर बाबांनी सात वर्षं वाट पाहिली होती, त्यामुळे रोज रात्री तिला झोपवण्याचा एक विधीच ठरून गेला होता. सीटखालचा पेट्रोलचा कॉक बंद करायचा, स्टेपनीचं छोटं कुलूप हलवून बघायचं, हँडल वळवून किल्ली फिरवायची. तेवढ्यात माजघरातून आईचा आवाज यायचाच, "अहो, हँडल लॉक केलंत का?"

आज मागे वळून पाहिलं की वाटतं, त्या गाडीचं खरं कुलूप म्हणजे आमचा वाडा होता. दिंडी दरवाजाला रात्री अडसर पडायचा आणि चौकात कोणी ना कोणी जागं असायचंच. परक्या माणसाने स्कूटरला नुसता हात लावला असता तरी चार खिडक्यांतून विचारणा झाली असती. नव्वदच्या दशकात पेठांमधले वाडे पाडून इमारती उभ्या राहिल्या. गाड्या खांबांमधल्या अंधाऱ्या पार्किंगमध्ये गेल्या आणि जागा पुरेनाशी झाली तेव्हा रस्त्यावर आल्या. आमच्या गाडीभोवतीची माणसं गेली. हातात उरली ती फक्त किल्ली.

ती किल्ली किती तकलादू असते, हे मला मंडईत कळलं. तोवर माझ्याकडे स्प्लेंडर आली होती. भाजीची पिशवी हँडलला अडकवली, किल्ली फिरवली, हिरवा दिवा लागला, आणि मग लक्षात आलं की सीटचं कव्हर आपलं नाही. गाडी दुसऱ्याचीच होती! दुसऱ्या दिवशी चावीवाल्याने जुनं कुलूप उघडून तळहातावर दाखवलं. आत पितळेच्या नखाएवढ्या पट्ट्या असतात. प्रत्येकीची उंची वेगळी असते, आणि योग्य किल्लीने त्या सगळ्या एका रेषेत आल्या तरच कुलूप फिरतं. माझ्या कुलपातल्या पट्ट्यांच्या कडा वर्षानुवर्षांच्या वापराने गोल झाल्या होत्या, किल्लीचे दातही बोथट झाले होते. अशी कुलपं जवळपास कुठल्याही किल्लीला दाद देतात. त्याने सांगितलेलं मी आजही पाळतो: कुलपात तेल सोडायचं नाही, धूळ चिकटते, पेन्सिलीचं शिसं किल्लीवर घासायचं. आणि किल्ली सैल लागायला लागली की पूर्ण लॉक सेट बदलायचा.

मी तो बदललासुद्धा. तरी 2005 मध्ये एका मंगल कार्यालयाबाहेरून गाडी गेली. हँडल लॉक होतं. पण त्या लॉकमधली धातूची जीभ करंगळीएवढीही जाड नसते, आणि हँडल म्हणजे लांबलचक दांडा; हिसका बसला की जीभ तुटते. चौकीत फिर्याद दिली. आरोपी मिळाला नाही म्हणून 'अ समरी', म्हणजे तपास बंद केल्याचा अहवाल, व्हायला काही महिने गेले. विमा कंपनीने दोन्ही मूळ किल्ल्या मागितल्या. दुसरी किल्ली आईने कपाटात रुमालात बांधून ठेवली होती म्हणून निभावलं. नुसता थर्ड पार्टी विमा असता तर एक रुपयाही मिळाला नसता, कारण त्यात चोरी येतच नाही. हे कितीतरी लोकांना गाडी गेल्यावर कळतं आणि फार वाईट वाटतं.

त्यानंतर मी साखळीकडे वळलो. पहिली घेतली ती प्लॅस्टिकच्या नळीतली जाडजूड दिसणारी केबल. वर्षभराने नळी फाटली आणि आतली तार दिसली, कपडे वाळत घालायच्या तारेपेक्षा जरा बरी इतकीच. तेव्हापासून साखळी घेताना मी आधी ती हातात तोलून बघतो. कडी टणक केलेल्या पोलादाची हवी, आणि कुलूपही त्याच तोलाचं, कारण चोर साखळीकडे न बघता कुलूप बघतो. साखळी मागच्या चाकातून घालून खांबाला अडकवायची. पुढच्या चाकातून घातली तर चोराला ते चाक सोडवून ठेवता येतं. आणि खांबच नसेल तर शंभर-सव्वाशे किलोंची गाडी दोघं-तिघं उचलून टेम्पोत घालतात, मग साखळी गाडीबरोबरच जाते. साखळी जमिनीला टेकू द्यायची नाही, हातोड्याला जमीनच ऐरण होते.

डिस्क ब्रेक सर्रास झाले तसं डिस्क लॉक आलं. खिशात मावतं, म्हणून दोन मिनिटांच्या कामालाही लावलं जातं. माझ्या मते हाच त्याचा सगळ्यात मोठा गुण आहे. घरी राहिलेली पाच किलोंची साखळी काय कामाची? फक्त लॉक काढायची आठवण देणारी त्याची लाल दोरी हँडलपर्यंत बांधलीच पाहिजे. माझा पुतण्या लॉक काढायला विसरला, पहिल्या फूटभरातच तोंडावर आपटला आणि मनगट मोडून घेतलं.

10 जुलै 2014 ला पुण्यात फरासखाना पोलीस ठाण्याच्या आवारात स्फोट झाला. बॉम्ब ज्या मोटारसायकलवर ठेवला होता ती साताऱ्यातून चोरलेली निघाली. तोवर गाडीची चोरी मी आपल्या खिशाचं नुकसान समजत होतो. त्या दिवसापासून कोपऱ्यात धूळ खात पडलेली बेवारस दुचाकी दिसली की मी चौकीत कळवतो.

1 एप्रिल 2019 पासून नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट आली. ती एकदाच बसणाऱ्या लॉकने बसवतात, तोडल्याशिवाय निघत नाही; चोरीच्या गाडीला दुसरा नंबर लावणं त्यामुळे अवघड झालं. स्कूटरच्या किल्लीच्या भोकावर चुंबकाने सरकणारं झाकणही आलं. मुलाची गाडी विजेवर चालते आणि मोबाइलवर आपला ठावठिकाणा दाखवते. आई आता पंच्याऐंशीची आहे. तो वर आला की नातवालाही तेच विचारते, "हँडल लॉक केलंस का रे?"

गेल्या दिवाळीत आमच्या सोसायटीने पार्किंगच्या फरशीत लोखंडी कड्या काँक्रीटमध्ये बसवल्या. या गोष्टीसाठी मी तीन बैठकांमध्ये भांडलो. गाड्या चौदा, कड्या नऊ. उरलेल्या पाच पावसाळ्याआधी बसवून घ्यायच्या आहेत.