कुकरची रिंग बदलता, मग सायलेन्सरची का नाही?

कुकरची शिट्टी होईना, झाकणाच्या कडेने वाफ यायला लागली की आपण सरळ रिंग बदलतो. त्यासाठी कुणाची वाट बघत नाही. मैत्रिणींनो, दारातल्या मोटारसायकललाही अशीच एक रिंग असते. इंजिनातला धूर जिथे सायलेन्सरच्या नळीत शिरतो, त्या सांध्यात ती बसवलेली असते. तिला गॅस्केट किंवा पॅकिंग म्हणतात.

ती खराब झाली की गाडी फटफट वाजते, सकाळी थंड असताना जरा जास्तच. सांध्याभोवती काजळीही दिसते. "वाजतेय तर वाजू दे," असं म्हणून आपण सोडून देतो. पण या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू असतो. त्याला ना रंग, ना वास. आपल्याकडे गाडी रात्री पडवीत, जिन्याखाली असते आणि सकाळी तिथेच सुरू करतात. आत मुलं झोपलेली! म्हणून गाडी चांगली असली तरी बाहेर ढकलत नेऊनच सुरू करायची.

आमच्या बचत गटातल्या एक ताई मोटारसायकलवरून दूध घालतात. गाडी गॅरेजला अडकली की दूध घरातच राहतं. म्हणून त्या हे काम शिकल्या आणि अंगणात आम्हा सगळ्यांना दाखवलं.

गाडी पूर्ण थंड हवी. डबल स्टँडवर लावा, पदर खोचून घ्या. नळी इंजिनाला बहुधा दोन नटांनी धरलेली असते. अनेक लहान गाड्यांना १० नंबरचा पाना चालतो. नट गंजले असतील तर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारा. उगाच जोर लावू नका, स्टड तुटला तर खर्च वाढतो. नट निघाले की सायलेन्सरला खालून कुणाला तरी धरायला सांगा आणि मागचा बोल्ट काढा.

जुनी रिंग आत इतकी चिकटलेली असते की इंजिनाचाच भाग वाटते. ती स्क्रू ड्रायव्हरने हलकेच उचकटा. जुन्या रिंगेत अॅस्बेस्टॉस असू शकतं, तेव्हा कोरडी घासू नका, ओल्या फडक्याने पुसा. एकदा दबलेली रिंग परत वापरायची नाही.

नवी रिंग आपल्याच गाडीच्या मॉडेलची घ्या. ती खाली पडू नये म्हणून किंचित ग्रीस लावून चिकटवा. आधी सगळे नट-बोल्ट हाताने बसवा. मग पुढचे दोन्ही नट आळीपाळीने थोडे थोडे आवळा, नाहीतर रिंग तिरकी बसते. मागचा बोल्ट शेवटी. उघड्यावर गाडी सुरू करून आवाज ऐका. ग्रीसचा थोडा धूर आला तर घाबरू नका. दोन-चार फेऱ्यांनंतर गाडी थंड असताना नट पुन्हा तपासा.

एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ गाड्यांच्या सायलेन्सरच्या नळीला सेन्सरची वायर असू शकते, ती ओढू नका. गाडी वॉरंटीत असेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच न्या.

आता आमच्या गटातल्या तिघीजणी स्वतः रिंग बदलतात. बाकीच्यांना निदान काजळी ओळखता येते आणि गॅरेजमध्ये नेमकं काय बिघडलंय ते सांगता येतं. उद्या सकाळी झाडताना तुमच्या गाडीच्या त्या सांध्यावरही एक नजर टाका. आणि बघताना लेकीलाही जवळ बोलवा.