डोक्याचा मार आणि घराचा पत्ता

लोकलच्या दारातून पडलेला तरुण. स्लॅबवरून पडलेली बिगारी बाई. खड्ड्यात स्कूटर आपटलेला पार्सल पोहोचवणारा मुलगा. पोटमाळ्याच्या शिडीवरून घसरलेली आजी. आपल्या वस्त्यांतून रुग्णालयाच्या अपघात विभागात येणारे हे चार नेहमीचे रुग्ण. चौघांच्याही डोक्याला मार असतो. त्यांतला कोण वाचेल, हे मार किती जोराचा आहे यावर ठरते, आणि अपघात कुठे झाला यावरही तितकेच ठरते. आम्ही परिचारिका म्हणून वॉर्डात काम केले, आता ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या वस्त्यांत करतो. दोन्हीकडे हेच पाहत आलो आहोत. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर हा विषय घेतला आहे.

मेंदूला दोनदा मार बसतो

पहिला मार आपटण्याच्या क्षणी बसतो. तो कोणताही डॉक्टर परत फिरवू शकत नाही. दुसरा मार पुढच्या काही तासांत बसतो. कवटी म्हणजे हाडाची बंद पेटी. आत रक्त साचू लागले किंवा सूज वाढू लागली, तर तिला पसरायला जागा नसते. मग मेंदूच दाबला जातो. घशात उलटी किंवा रक्त अडकले, अंगातले रक्त फार गेले, तर मेंदूला प्राणवायू कमी पडतो आणि नुकसान वाढते. हा दुसरा मार मात्र बऱ्याच वेळा थांबवता येतो. सिटी स्कॅनमध्ये रक्ताची गाठ दिसली, तर कवटी उघडून ती काढता येते. फक्त ते वेळेत व्हावे लागते.

१९८१ साली अमेरिकेतल्या व्हर्जिनियामधल्या ८२ बेशुद्ध रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. या सर्वांच्या मेंदूच्या आवरणाखाली रक्त साचले होते. चार तासांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ३० टक्के दगावले. चार तासांनंतर झालेल्यांपैकी ९० टक्के दगावले. नंतरच्या सगळ्याच अभ्यासांत फरक एवढा मोठा निघाला नाही. तरी मेंदूवरचा दाब लवकरात लवकर कमी करावा, हे सगळीकडे मान्य आहे.

मार सारखा, मरण वेगळे

डोक्याच्या इजेवर ‘क्रॅश’ नावाचा एक मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास झाला. त्यात सुमारे दहा हजार रुग्ण होते. २००९ साली त्याच्या आकड्यांवरून दिसून आले, की डोक्याची गंभीर इजा झाल्यावर गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या रुग्णांत मृत्यूची शक्यता श्रीमंत देशांच्या दुपटीहून जास्त आहे. श्रीमंत देशाच्या आतही सगळे सारखे नाहीत. अमेरिकेत मेंदूच्या इजेने मरणाऱ्यांचे प्रमाण शहरांपेक्षा ग्रामीण भागात जास्त आहे, आणि तिथल्या मूळ रहिवासी समाजात सगळ्यांत जास्त आहे.

आपल्या देशात रस्ते अपघातांचे २०२२ चे सरकारी आकडे बघा. दर १०० अपघातांमागे केरळात सुमारे १० माणसे मेली, महाराष्ट्रात सुमारे ४५ आणि बिहारमध्ये ८० हून अधिक. केरळात किरकोळ अपघातांचीही नोंद होते, त्यामुळे फरक थोडा फुगतो. हे सगळे मृत्यू डोक्याच्या माराचेही नव्हेत. पण दवाखाना जवळ असणे आणि नसणे यातला फरक या आकड्यांत नक्कीच आहे. त्या एका वर्षात देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे गेली. त्यांतली ५० हजारांहून अधिक हेल्मेट न घातलेली होती.

ठाणे एक, कल्याण-डोंबिवली दुसरे

आता आपल्या दाराशी येऊ. ठाणे महापालिका १९८२ ची, कल्याण-डोंबिवली महापालिका १९८३ ची. वयात एका वर्षाचा फरक. ठाण्याच्या पालिकेचे कळव्याला छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे आणि त्याला जोडून १९९२ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. २०११ च्या जनगणनेत साडेबारा लाखांच्या आसपास लोकसंख्या असलेल्या कल्याण-डोंबिवलीच्या पालिकेचे स्वतःचे वैद्यकीय महाविद्यालय नाही. कल्याणात रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीत शास्त्रीनगर ही तिची दोन मोठी रुग्णालये. डोक्याचा गंभीर मार असलेला रुग्ण तिथून कळव्याला किंवा मुंबईला ‘रेफर’ होतो, हे कल्याण-डोंबिवलीच्या प्रत्येक वस्तीला पाठ आहे. कळव्याच्या रुग्णालयावर या सगळ्या भागाचा भार येतो, आणि भार वाढला की काय होते तेही आपण पाहिले आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये तिथे २४ तासांत १८ रुग्ण दगावले, तेव्हा राज्यभर त्याची चर्चा झाली.

रेल्वेच्या मोजणीने कल्याण ते ठाणे २० किलोमीटर आणि कल्याण ते शीव सुमारे ४०. रस्त्याने हे अंतर किलोमीटरांत मोजून उपयोग नाही, ते शिळफाट्याच्या कोंडीत मोजावे लागते. कल्याणचा पत्रीपूल नोव्हेंबर २०१८ मध्ये पाडला आणि नवा पूल जानेवारी २०२१ मध्ये खुला झाला. मधली दोन वर्षे रुग्णवाहिकाही त्याच रांगेत उभ्या होत्या. मुंब्र्याला पडलेला माणूस काही किलोमीटरवर कळव्याला पोहोचू शकतो. आसनगावला पडलेल्याला ठाणेच रेल्वेने सुमारे ५० किलोमीटर आहे. मुरबाड-शहापूरच्या पाड्यांवरून तर आधी मोठ्या रस्त्यापर्यंत यायचे असते. दुसरा मार याच वाटेवर बसतो.

कोण पडते, कुठून पडते

९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर समोरासमोरून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांत लोंबकळणारे प्रवासी खाली पडले. किमान चार जण मेले, बाकीचे जखमी झाले. तो दिवस बातमीत आला. पण मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर दरवर्षी सुमारे अडीच हजार माणसे मरतात, म्हणजे दिवसाला सहा-सात. रूळ ओलांडताना आणि गाडीतून पडून मरणारे त्यांत मोठ्या संख्येने आहेत, आणि ठाणे-कल्याण हा पट्टा त्यात पुढे आहे. दिवा, कोपर, ठाकुर्ली, कल्याणहून सकाळची गाडी पकडणाऱ्याला दारात उभे राहण्याची हौस नसते. आत पाय ठेवायला जागा नसते आणि लेटमार्क लागला की पगार कापला जातो.

बांधकामाचेही तसेच. १० सप्टेंबर २०२३ रोजी ठाण्यात बाळकुमला उंच इमारतीची लिफ्ट कोसळून सात कामगार गेले. एकेकटा कामगार पडतो त्याची बातमी होत नाही. परातीवरून पाय घसरणारा, सुरक्षापट्ट्याशिवाय रंग मारणारा, पावसाळ्याआधी घराचा पत्रा बदलायला वर चढणारा, हे सगळे आपल्यातलेच आहेत. २०१८ च्या पावसाळ्यात कल्याणमध्ये खड्ड्यांनी पाच जणांचा जीव घेतला.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. मृत्यूची नोंद माणूस मेला त्या ठिकाणी होते. डोंबिवलीत पडलेला मुलगा शीवच्या रुग्णालयात गेला, तर दाखला मुंबईचा. सरकारच्या अपघाती मृत्यूंच्या वार्षिक अहवालातही ‘रस्ता’, ‘रेल्वे’, ‘उंचावरून पडणे’ असे रकाने असतात, ‘मेंदूची इजा’ असा नसतो. त्यामुळे आपल्या वस्तीतली किती माणसे वाटेवरच्या उशिराने गेली, हे कुठल्याच कागदावर येत नाही.

पहिला तास आपल्या हातात

पडलेल्या माणसाला शुद्ध नसेल, तर मान, पाठ आणि कंबर एका रेषेत ठेवून दोघा-तिघांनी मिळून त्याला कुशीवर वळवा. उलटी घशात जाणार नाही. बसवू नका, गदागदा हलवू नका, तोंडात पाणी घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका. डोक्यातून रक्त येत असेल तर स्वच्छ कापड ठेवून दाबा. हाड खचलेले दिसत असेल तर त्यावर जोर देऊ नका. १०८ ला फोन करा. राज्यात ही सेवा २०१४ पासून मोफत आहे. रेल्वेत घडले असेल तर १३९ किंवा रेल्वे पोलिसांचा १५१२.

शुद्धीवर असलेल्यालाही पुढचे २४ तास एकटे सोडू नका. काही वेळा माणूस उठतो, बोलतो, चहा पितो आणि दोन-तीन तासांनी कोसळतो, कारण आत रक्त हळूहळू साचत असते. ‘काही नाही, मुका मार आहे’ म्हणून झोपवू नका. पुढचे एकही लक्षण दिसले तर लगेच सिटी स्कॅन असलेल्या रुग्णालयात न्या:

पुन्हा पुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी
गुंगी, असंबद्ध बोलणे, उठवूनही नीट न उठणे
झटका येणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे
दोन डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसणे
कानातून किंवा नाकातून रक्त अथवा पाण्यासारखा द्रव

म्हाताऱ्या माणसांकडे आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांकडे जास्त लक्ष द्या. त्यांच्यात हलक्या मारानेही, कधी दोन-तीन आठवड्यांनी, त्रास दिसतो. आणि दारूचा वास आला म्हणून कुणाला बाकावर पडू देऊ नका. दारू प्यालेल्याचेही डोके फुटते. वस्तीतला माणूस दिसला की ‘उतरल्यावर बघू’ असे म्हणणारे रुग्णालयांत भेटतात. तेव्हा नातेवाइकांनी आवाज चढवायचा नाही, पण पडल्याची वेळ आणि लक्षणे केसपेपरवर लिहून घ्यायलाच लावायची.

रेफर करताना चिठ्ठीवर ‘जीसीएस’ हा आकडा आणि वेळ लिहिली आहे का ते पाहा. डोळे, बोलणे आणि हालचाल बघून काढलेला हा शुद्धीचा आकडा आहे. १५ म्हणजे पूर्ण शुद्ध, ३ म्हणजे सर्वांत वाईट, ८ किंवा कमी म्हणजे गंभीर. पुढच्या रुग्णालयात तो घसरलेला दिसला, तर डॉक्टरांना धोका लगेच कळतो. निघण्याआधी पुढच्या रुग्णालयाला फोन करून खाट आणि सर्जन आहे का, हे रेफर करणाऱ्या डॉक्टरांनाच विचारायला सांगा. नाहीतर रुग्ण दारोदार फिरतो.

हक्क माहीत असू द्या

रुग्णाला दारोदार फिरवणे हा कायद्याच्या दृष्टीनेही गुन्ह्याइतका गंभीर प्रकार आहे. ८ जुलै १९९२ रोजी पश्चिम बंगालमध्ये शेतमजूर संघटनेचा एक सभासद रेल्वेतून पडला. डोक्यात रक्तस्राव झाला. एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही, सोय नाही म्हणून त्याला परत पाठवले. शेवटी खासगी रुग्णालयात सुमारे १७ हजार रुपये खर्च करून तो वाचला. संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. मे १९९६ मध्ये न्यायालयाने सांगितले, की तातडीचा उपचार न देणे म्हणजे संविधानाच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे, आणि पैसे नाहीत ही सबब सरकारला चालणार नाही. त्याला २५ हजारांची भरपाई मिळाली. त्याआधी १९८९ मध्येच न्यायालयाने बजावले होते, की पोलिसांचे कागद नंतर, उपचार आधी. हे संविधान आपल्या घरात भिंतीवर आहे. कलम २१ दवाखान्याच्या खिडकीवरही चालते.

रस्त्यावरच्या जखमीला उचलणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ चे संरक्षण आहे. नाव सांगण्याची सक्ती नाही, पैसे भरण्याची नाही. घाबरू नका. मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमीला नेमलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंतचे उपचार रोख न भरता मिळण्याची योजना आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी १५५३८८ वर करा. धडक देऊन वाहन पळाले, तर मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर इजेसाठी ५० हजार मिळतात. खड्ड्याने किंवा उघड्या गटाराने जीव गेला तर ६ लाख द्यावेत, असा मुंबई उच्च न्यायालयाचा ऑक्टोबर २०२५ चा आदेश आहे. गाडीतून पडून मृत्यू झाल्यास रेल्वे दावे न्यायाधिकरणाकडे ८ लाखांचा दावा एका वर्षात करा. मृताच्या खिशात तिकीट सापडले नाही, एवढ्यावरून दावा बाद होत नाही. रूळ ओलांडताना झालेल्या मृत्यूला मात्र ही भरपाई नाही. बांधकाम कामगारांनी वर्षातले ९० दिवस काम भरताच मंडळात नोंदणी करावी. पडल्यानंतर नोंदणी होत नाही.

हेल्मेट आयएसआय छापाचे घ्या आणि पट्टा लावा. हेल्मेटमुळे मृत्यूची शक्यता ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेची ६९ टक्क्यांनी घटते. मागे बसणाऱ्या बाईला आणि मुलालाही डोके आहे.

येत्या रविवारी विहारात वंदनेनंतर दहा मिनिटे काढा. वर दिलेले क्रमांक, जवळच्या सिटी स्कॅनचा पत्ता आणि पाच लक्षणे फळ्यावर लिहा. कुशीवर कसे वळवायचे ते दोन तरुणांकडून सगळ्यांसमोर करून घ्या. मग १० रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज पालिकेकडे टाका. त्यात तीनच प्रश्न विचारा. आपल्या पालिकेच्या रुग्णालयात रात्री दोन वाजता सिटी स्कॅन होतो का? गेल्या वर्षी डोक्याच्या माराचे किती रुग्ण बाहेर पाठवले? त्यांतले किती जण रुग्णवाहिकेतून गेले? दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला हे १० रुपयेही लागत नाहीत. उत्तर ३० दिवसांत यायला हवे. आले की या पानाकडे पाठवा. ठाणे, कळवा, मुंब्रा, दिवा, डोंबिवली, कल्याण, सगळ्या वस्त्यांची उत्तरे शेजारी ठेवून छापू.