न दुखणारा डाग

दाढ दुखू लागली की माणसाला काही सुचत नाही. भाकरी चावत नाही, रात्री झोप येत नाही. मग एक जण म्हणतो, "लवंग धर." दुसरा म्हणतो, "तंबाखूची चिमूट दाब." कोणी भुईरिंगणीच्या बियांची धुरी घ्यायला सांगतो. धुरी घेतली की बारीक पांढरे किडे पडलेले दाखवतात. पण ते किडे नव्हेत. बी तापून फुटते आणि तिच्यातला कोंब बाहेर येतो. तोच किड्यासारखा दिसतो.

दाताची खरी कीड डोळ्याला दिसत नाही. तोंडात बारीक जंतू असतात. गूळ, साखर, बिस्किटे यांचा चिकटा दातांच्या फटीत राहतो. जंतू त्याचे आम्ल करतात. त्या आम्लाने दात झिजतो, खड्डा पडतो. खड्डा लहान असतो तोवर दुखत नाही. तेव्हाच गेलात तर डॉक्टर तो कोरून साफ करतात व सिमेंट भरतात. दात वाचतो. खड्डा आतल्या शिरेपर्यंत गेला की ठणका लागतो. मग दाताचे मूळ साफ करावे लागते, नाही तर दाढ काढावी लागते. आधी सुई देऊन हिरडी बधिर करतात. वरची दाढ काढली तर डोळा जातो, असे पुष्कळ लोक मानतात. ते खरे नाही. गाल सुजला, ताप आला, घास गिळवेना, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा. तो पू गळ्याकडे उतरला तर जिवावर बेततो.

हिरड्यांतून रक्त येते म्हणून काही जण दात घासणेच सोडतात. त्याने दुखणे वाढते. दातांवर कीटण बसते, म्हणून रक्त येते. ते डॉक्टरांकडून खरवडून घ्यावे. बाभळीची किंवा लिंबाची काडी वापरत असाल तर चांगली चावून मऊ करा आणि हलक्या हाताने घासा.

तोंड आले तर मिठाच्या कोमट पाण्याने चुळा भरा. तिखट कमी करा, पालेभाजी जास्त खा. आठ-दहा दिवसांत बरे होते. दोन आठवडे झाले तरी जखम भरली नाही, तर ती साधी समजू नका.

आता मशेरीचे बोलू. आपल्याकडे पुष्कळ बायका तव्यावर तंबाखू भाजून तिची मशेरी करतात. पहिल्यांदा दाढ दुखते म्हणून लावतात. घटकाभर बरे वाटते. मग सवय जडते. मशेरी लावल्याशिवाय सकाळ होत नाही! पुरुष तंबाखू-चुना ओठात धरतात, पोरे गुटखा खातात. २०१२ साली महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली, तरी तो चोरून मिळतोच.

जिथे तंबाखू धरतात, तिथे कधी पांढरा तर कधी लाल डाग पडतो. तो दुखत नाही. आजीला सांगितले तर ती म्हणते, "दुखत नाही बाबा, मग कशाला दाखवायचे?" पण भीती त्याचीच आहे. काही पांढरे डाग तंबाखू सोडली की जातात. काहींचा पुढे कर्करोग होतो. कोणता डाग कसा, हे नुसते पाहून कळत नाही. डॉक्टर तिथला बारीक तुकडा काढून तपासतात. रोग लवकर सापडला तर तेवढा भाग कापून माणूस बरा होऊ शकतो. उशीर झाला तर जबडा काढण्याची पाळी येते.

सुपारी आणि गुटख्याने गाल आतून ताठ होतात. तोंड उघडून पाहा. तीन बोटे उभी आत जातात का? जात नसतील, तर सुपारी आजच बंद करा. ताठरलेला गाल पुन्हा पहिल्यासारखा होणे अवघड असते, पण वाढ थांबू शकते.

महिन्यातून एकदा चूळ भरून, आरसा घेऊन उजेडात बसा. ओठ, गाल, जीभ, जिभेखालची जागा बघा. डाग, गाठ किंवा न भरणारी जखम दिसली तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. तिथून गरज पडली तर नंदुरबारच्या जिल्हा रुग्णालयात पाठवतात. धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या डोंगरातून येणाऱ्याचा सबंध दिवस मोडतो, हे खरे. म्हणून बाजाराच्या दिवशी गावात उतराल तेव्हाच आधी आरोग्य केंद्रात डोकावून या. आजीलाही बरोबर न्या.