इंग्रजीतील भविष्यकाळ

क्रियापदाला प्रत्यय लावून भविष्यकाळ सिद्ध करण्याची सोय मराठीत आहे. ‘करणे’पासून ‘करीन’, ‘करशील’, ‘करील’ अशी रूपे होतात. इंग्रजी क्रियापदाला असा प्रत्यय नाही. रूपाच्या दृष्टीने तेथे वर्तमान आणि भूत हे दोनच काळ आढळतात. म्हणूनच इंग्रजीत भविष्यकाळ नावाचा स्वतंत्र काळ नाही, असे मत रॉडनी हडल्स्टन व जेफ्री पुलम यांनी २००२ साली प्रसिद्ध झालेल्या बृहद्‌व्याकरणात मांडले आहे. तथापि भावी घटनांविषयी बोलणे कोणत्याही भाषेला टळत नाही. इंग्रजी भाषा ते अनेक साधनांनी साधते आणि प्रत्येक साधनाबरोबर बोलणाऱ्याची भूमिकाही प्रकट होते.

‘विल’ आणि ‘शॅल’ ही त्यांपैकी सर्वपरिचित साधने होत. ‘विल’चा मूळ अर्थ इच्छा असणे आणि ‘शॅल’चा मूळ अर्थ देणे लागणे, बांधील असणे. जॉन वॉलिस या गणितज्ञाने १६५३ साली लॅटिनमध्ये लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात त्यांची विभागणी केली. त्याच्या मते, निव्वळ भविष्यकथनासाठी प्रथमपुरुषी ‘शॅल’ आणि इतरत्र ‘विल’ योजावे. उलट योजना केल्यास वचन किंवा धमकी सूचित होते. शालेय पुस्तकांनी हा नियम दीर्घकाळ जपला; प्रत्यक्ष व्यवहारात मात्र ‘विल’चाच वापर सर्व पुरुषी रूढ झाला.

याखेरीज इतर रचनाही आहेत. काळे ढग पाहून पावसाचे अनुमान करावयाचे, तर ‘इट इज गोइंग टू रेन’ असे म्हणतात. येथे भविष्याचे चिन्ह वर्तमानातच दिसत असते. उद्याची भेट आधीच ठरलेली असेल, तर ‘आय अ‍ॅम मीटिंग हिम टुमॉरो’ असे अपूर्ण वर्तमानकाळाचे रूप येते. वेळापत्रकानुसार सुटणाऱ्या गाडीसाठी साधा वर्तमानकाळ पुरतो: ‘द ट्रेन लीव्ज अ‍ॅट सिक्स’. आयत्या वेळी केलेल्या निश्चयाला मात्र ‘विल’ लागते. मराठी वाचकाला हे अपरिचित वाटू नये. ‘मी उद्या जातो’ हे वर्तमानाचे आणि ‘हा आलोच’ हे भूतकाळाचे रूप आपणही भविष्यासाठी वापरतो. तसेच दारावरची घंटा ऐकून ‘पोस्टमन असेल’ असे आपण म्हणतो, तेव्हा तर्क वर्तमानाविषयीच असतो. इंग्रजीतील ‘विल’ही हेच काम करते.

या भेदांचे महत्त्व कायद्याच्या भाषेत विशेष जाणवते. करारातील ‘द टेनंट शॅल पे द रेंट’ या वाक्याने भाडेकरू पुढे काय करील, याचे भाकीत केलेले नसते; भाडे देण्याचे बंधन त्याच्यावर घातलेले असते. भारतीय संविधानाच्या इंग्रजी पाठातही ‘शॅल’ बहुधा याच विधायक अर्थाने येतो. भाकीत आणि बंधन यांतील हे अंतर ज्याच्या ध्यानी येत नाही, त्याला आपला हक्क कोणता आणि कर्तव्य कोणते, हेही नीट उमगणार नाही.