पंधरा इंचांचे विमान

मराठीच्या अध्यापकाने फावल्या वेळात काय करावे, याविषयी लोकांच्या कल्पना पक्क्या आहेत. त्याने कविता कराव्यात. ते न साधले तर दुसऱ्यांच्या कवितांना प्रस्तावना लिहाव्यात. त्याऐवजी तो सुट्टीत सास्तूरला आपल्या घरी येऊन अंगणात बांबूच्या कामट्या तासीत बसला, तर येणारे-जाणारे थबकतात आणि "सर बरे आहेत ना?" अशी चौकशी सौभाग्यवतींकडे करतात. मी बरा आहे. मी विमान करीत आहे.

विमान जुन्या धाटणीचे, दोन मजली पंखांचे. नाव जिप्सी मॉथ. मॉथ म्हणजे पतंग, दिव्यावर झेपावणारा. हे विमान काढणारे जेफ्री डी हॅव्हिलंड कीटकांचे हौशी अभ्यासक होते, म्हणून हे नाव. आपल्याकडे पतंग हा शब्द किड्यालाही लागतो आणि कागदी पतंगालाही. माझ्या पतंगाचे पंख पतंगाच्याच कागदाने मढविलेले आहेत, हा श्लेष मी घरात तीनदा करून दाखविला. कोणी हसले नाही.

हेच विमान का, याला कारण १९३० सालची एक शर्यत. इंग्लंड ते हिंदुस्थान किंवा उलट, एकट्याने आणि महिन्याच्या आत उडून जाणाऱ्या पहिल्या भारतीयाला आगाखानांनी ५०० पौंडांचे बक्षीस लावले होते. जे. आर. डी. टाटा कराचीहून निघाले. अ‍ॅस्पी इंजिनिअर नावाचा सतरा वर्षांचा मुलगा इंग्लंडहून निघाला. दोघांचीही विमाने जिप्सी मॉथ. इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ अबुकिर येथे दोघांची गाठ पडली. अ‍ॅस्पी स्पार्क प्लगसाठी अडून बसला होता. टाटांनी आपल्याजवळचे जादा प्लग त्याला देऊन टाकले, आणि तो मुलगा काही तासांच्या फरकाने शर्यत जिंकला! पुढे १९६० ते १९६४ या काळात हेच अ‍ॅस्पी इंजिनिअर भारतीय हवाईदलाचे प्रमुख होते. टाटांची १९३२ ची कराची-मुंबई टपालफेरी सर्वांना पाठ असते. तिच्यातले विमान मात्र एकाच पंखाचे, पस मॉथ. मला प्लगची गोष्ट अधिक आवडते.

आता प्रमाणाविषयी. मी चोविसास एक हे प्रमाण धरले. आपल्या जुन्या मोजणीत चोवीस अंगुळांचा एक हात होतो. म्हणजे खऱ्या विमानात जे हातभर, ते माझ्याकडे अंगुळभर. खऱ्या जिप्सी मॉथचा पंख ३० फुटांचा, माझा १५ इंचांचा. लांबी २३ फूट ११ इंच, ती जेमतेम १२ इंचांवर येते. वजनाचे गणित मात्र निराळे. लांबी, रुंदी, उंची तिन्ही चोवीसपट घटतात, त्यामुळे वजन १३,८२४ पटींनी घटावयास हवे. रिकाम्या विमानाचे वजन सुमारे ९२० पौंड. त्याचा हिशोब तीस ग्रॅमवर येतो. सराफाच्या भाषेत अडीच तोळ्यांच्या थोडे वर!

सामान म्हणाल तर गावातलेच. बालसा नावाचे हलके लाकूड पुस्तकात असते, सास्तूरच्या बाजारात नसते. पण ज्याने लहानपणी जोंधळ्याच्या चिपाडांची गाडी केली आहे, त्याला परक्या लाकडाची काय मातब्बरी? मऊ गाभ्याचे जू आणि वरच्या सालीचे खिळे, ही विद्या आम्हांस अक्षरओळखीच्या आधी आली. खऱ्या विमानाचे धड प्लायवूडच्या पेटीसारखे चपटे असे, म्हणून ते पातळ पुठ्ठ्याचे केले. पंखांच्या फासळ्या कामट्यांच्या. दोन उघड्या बैठका मागेपुढे. त्यांच्यापुढच्या काचा गोळ्यांच्या पाकिटावरील प्लास्टिकच्या. चाके सदऱ्याच्या बटणांची. पेट्रोलची टाकी वरच्या पंखाच्या मध्यावर, म्हणजे तेल आपोआप खाली इंजिनात उतरे. ती लाकडाची कोरून घेतली. पंख मागे दुमडता येत, म्हणून हे विमान मोटारीसारखे छपरीत ठेवता येई. ही सोय मात्र मी सोडून दिली. प्रत्येक हौसेला कोठेतरी कुंपण हवे.

खरी कसोटी तारांची. एकावर एक असे दोन पंख, मध्ये उभे दांडे आणि आडव्यातिडव्या ताणलेल्या तारा, हीच त्या काळच्या विमानाची ताकद. ही कल्पना मुळात पुलावरून आली. ऑक्टेव्ह शनूट हा अमेरिकेतला रेल्वे आणि पूल बांधणारा इंजिनिअर. त्याने १८९६ साली आपल्या बिनइंजिनाच्या विमानात पुलाची तुळई वापरली, आणि राइट बंधूंनी ती पुढे नेली. चार काड्या टाचणीने जोडून चौकोन करा. बोट लावताच तो कलंडतो. कोपऱ्यातून कोपऱ्यात एक दोरा ताणा. एका बाजूस कलंडणे थांबते. दुसरा उलटा दोरा ताणा. दोन्ही बाजूंचे थांबते. विमान उडताना पंख वर जाऊ पाहतात, ते खालून वर जाणाऱ्या तारा धरून ठेवतात. जमिनीवर पंख खाली पडू पाहतात, ते वरून खाली येणाऱ्या तारा पेलतात. एकीचे काम चालू असते तेव्हा दुसरी विसावते.

या तारांसाठी मासे धरावयाची तंगूस घेतली. एक आवळावी तर समोरची सैल पडे. दोन दिवस हा तमाशा अण्णा, म्हणजे माझे वडील, बाजेवर बसून पाहत होते. शेवटी म्हणाले, "बाज कधी आवळलीस का? एका जागी ओढायचं नसतं. फिरून फिरून, थोडं थोडं." तसे केले आणि पंख सरळ झाले.

मग त्यांनी ते हातात घेऊन एका पंखाला हळूच पीळ दिला. पीळ बसेना. बराच वेळ ते तारांकडे पाहत राहिले. "आपल्या घरात ह्या नव्हत्या," म्हणाले.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी गणपती बोळविले होते. तीन छप्पन्नला भूकंप झाला. मी बारा वर्षांचा होतो. सास्तूर, किल्लारी आणि भोवतालची गावे मिळून सुमारे दहा हजार माणसे गेली. त्यांत आमची आजी आणि धाकटी आत्या. घरे माळवदाची होती. दोन-तीन फूट रुंदीच्या भिंती, दगड मातीत बसविलेले, आणि वर लाकडांवर दीड-दोन फूट पांढरी माती. भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या थरांना एकमेकांशी बांधणारा आरपार दगड क्वचित. अण्णा म्हणाले, "खण हलले, पण उभे राहिले. भिंती आल्या अंगावर." आम्ही दोघे भावंडे खांबांच्या मधल्या जागेत निजलो होतो, म्हणून सापडलो. हे त्यांनी मला बत्तीस वर्षांत पहिल्यांदाच सांगितले.

भूकंपानंतर जुन्या घरांच्या मजबुतीसाठी ज्या सूचना निघाल्या, त्यांत भिंतीत आरपार दगड घाला, वरून चौफेर पट्टा फिरवा, खांब आणि तुळईच्या कोनात तिरके टेके ठोका असेच सांगितले होते. शनूट वाचला असता तर त्याने मान डोलावली असती. अण्णांना मी ते कागदावर काढून दाखविले. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिले आणि विचारले, शेतातल्या जुन्या कोठ्याला असे टेके बसतील का? कोठ्यात दोन बैल आणि एक गाय असते.

विमान सराफाच्या काट्यावर ठेवले तर चार तोळे भरले. जादा दीड तोळा फेव्हिकॉल आणि रोगणाचा असावा. बाजूवर नोंदणीची अक्षरे लिहावयाची आहेत, पण कुंचला सध्या डब्यातच आहे. सुतार उद्या सकाळी कोठा पाहावयास येणार आहे, आणि अण्णांनी त्याला दाखविण्यासाठी विमान आपल्या उशाशी नेऊन ठेवले आहे.