अक्ष शून्यापासून सुरू झाला म्हणजे आलेख खरा?

आलेखाचा उभा अक्ष शून्यापासून सुरू झाला तर तो प्रामाणिक, मधूनच सुरू झाला तर फसवा, असा एक समज घट्ट रुजला आहे. डॅरेल हफ यांनी १९५४ साली ‘हाऊ टू लाय विथ स्टॅटिस्टिक्स’ या पुस्तकात तळ कापलेल्या आलेखांवर बोट ठेवले, ते योग्यच होते. स्तंभालेखात वाचक स्तंभांच्या उंचीची तुलना करतो. ५० आणि ५२ या संख्यांचे स्तंभ ४८ पासून काढले तर दुसरा पहिल्याच्या दुप्पट दिसतो. खरा फरक ४ टक्क्यांचा. तेव्हा स्तंभांना शून्य हवेच. रेषालेखात मात्र नजर चढउतार टिपते, आणि तिथे शून्याचा हट्टच दिशाभूल करू शकतो. डिसेंबर २०१५ मध्ये ‘नॅशनल रिव्ह्यू’ या अमेरिकी नियतकालिकाने १८८० पासूनच्या जागतिक सरासरी तापमानाचा आलेख ट्विटरवर टाकला. त्याचा अक्ष उणे १० ते ११० अंश फॅरनहाइट होता, त्यामुळे तापमानवाढीची रेषा जवळपास आडवी दिसली. शून्य अक्षावर होते, तरी अर्थ हरवला होता. शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरातही पृथ्वीचे सरासरी तापमान औद्योगिक युगापूर्वीच्या तुलनेत सुमारे ५-६ अंश सेल्सिअसनेच कमी होते. अशा राशीत एका अंशाची वाढ म्हणजे फार मोठी उलथापालथ. शिवाय फॅरनहाइटमधले शून्य म्हणजे उष्णतेचा अभाव नव्हे.

यावर आक्षेप येतो: मग ज्याने त्याने अक्षाची सोयीची मर्यादा निवडावी का? त्यापेक्षा सॉफ्टवेअर ठरवील ती निःपक्षपाती, असे अनेकांना वाटते. पण मॅटप्लॉटलिब या आलेख काढणाऱ्या सॉफ्टवेअरची २.० आवृत्ती २०१७ साली आली तेव्हापासून ते, वेगळे काही सांगितले नाही तर, दिलेल्या आकड्यांच्या दोन्ही टोकांना ५ टक्के जागा सोडते, एवढेच. कोणता बदल महत्त्वाचा, हे त्याला ठाऊक नसते. दोन शहरांच्या पावसाचे आलेख शेजारी काढले आणि अक्ष समान ठेवायला सांगितले नाही, तर २ मिलिमीटरचा चढउतार आणि २०० मिलिमीटरचा चढउतार सारख्याच उंचीचे दिसतात. मर्यादा त्या राशीच्या नेहमीच्या चढउतारावरून ठरवावी, तुलना असेल तिथे ती सारखी ठेवावी आणि तिचे कारण आलेखाखाली लिहावे. सोय आणि विवेक यांतला फरक तिथेच तपासता येतो.

मर्यादा बदलल्याने फक्त चौकट बदलते, आकडे नाहीत, हेही सर्वत्र खरे नाही. मॅटप्लॉटलिबमध्ये उभ्या अक्षाची मर्यादा ठरवणारी ‘सेट_वायलिम’ ही आज्ञा केवळ दृश्य कापते. ‘आर’ भाषेतल्या जीजीप्लॉट२ मध्ये ‘वायलिम’ वापरले तर मर्यादेबाहेरची मूल्ये आकडेमोडीआधीच वगळली जातात. त्यामुळे पेटी-आलेखाचा मध्यक सरकू शकतो, प्रवृत्तिरेषेचा उतारही बदलू शकतो. ओळी वगळल्याची सूचना येते, पण तयार चित्रात तिचा मागमूस नसतो. नुसते जवळून पाहायचे असेल तर मर्यादा ‘कोऑर्ड_कार्टेशियन’मध्ये द्यावी, तिथे एकही मूल्य गळत नाही.