दोष त्या चिन्हाचा नाही

गोव्यात किंवा वसईत अनेकांच्या आडनावात इंग्रजीत लिहिताना वर एक छोटेसे चिन्ह येते: डि'सूझा, डि'कोस्टा. असे आडनाव ऑनलाइन अर्जात भरले आणि पानावर डेटाबेसची चूक झळकली, तर ती किरकोळ समजू नये. त्या संकेतस्थळाच्या सुरक्षेला भगदाड असण्याची ती खूण आहे.

अर्जातली माहिती शोधण्यासाठी सर्व्हरवरचा प्रोग्राम एसक्यूएल भाषेत आदेश तयार करून डेटाबेसला देतो. मराठीत तो असा मांडता येईल:

नोंदी दाखव, जिथे आडनाव = 'पाटील'

यातले ‘पाटील’ तेवढे आपण भरलेले, बाकीचे प्रोग्रामरने लिहिलेले. दोन्ही तुकडे नुसते जोडले, तर आपला मजकूर कुठे संपतो हे डेटाबेस अवतरणचिन्हावरूनच ठरवतो. 'डि'सूझा' आले की त्याच्या लेखी मजकूर ‘डि’पाशीच संपतो, उरलेले ‘सूझा’ तो आदेश म्हणून वाचू लागतो आणि गोंधळतो. हल्लेखोर नेमके हेच हेरतो. आडनावाच्या जागी तो ' किंवा '१' = '१ असे भरतो. आता आदेश होतो:

नोंदी दाखव, जिथे आडनाव = '' किंवा '१' = '१'

एक बरोबर एक हे प्रत्येक नोंदीसाठी खरेच. त्यामुळे सगळ्यांची माहिती बाहेर येते. याला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात.

जेफ फॉरिस्टल यांनी १९९८ मध्येच ‘फ्रॅक’ या नियतकालिकात या धोक्याबद्दल लिहिले होते. तरी २०१५ मध्ये ब्रिटनच्या टॉकटॉक या दूरसंचार कंपनीच्या १,५६,९५९ ग्राहकांची माहिती याच वाटेने चोरीला गेली. चोरट्यांनी वापरलेली पाने कंपनीने विकत घेतलेल्या दुसऱ्या व्यवसायाकडून आली होती आणि दुर्लक्षित राहिली होती. पुढच्या वर्षी कंपनीला ४ लाख पौंडांचा दंड झाला.

यावर अर्जात ते चिन्हच चालू न देणे हा उपाय नव्हे. त्याने प्रामाणिक माणसाला स्वतःचे आडनाव नीट लिहिता येत नाही आणि मूळ दोष तसाच राहतो. दोष आहे आदेश आणि माहिती यांची सरमिसळ करण्यात. ‘प्रिपेअर्ड स्टेटमेंट’ ती टाळते. माहितीच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवून आदेश आधी डेटाबेसकडे जातो, तिथे त्याचा अर्थ पक्का होतो. मग माहिती वेगळी पाठवली जाते. त्यानंतर कुणी काहीही भरले, तरी ते निव्वळ आडनाव म्हणूनच शोधले जाते. पीएचपी, जावा, पायथन या सर्व भाषांत ही सोय आहे. टेबल किंवा रकान्याचे नाव मात्र असे पाठवता येत नाही. ते ठरावीक यादीतूनच निवडावे. शिवाय प्रोग्रामच्या डेटाबेस खात्याला गरजेपुरतेच अधिकार द्यावेत.

महाविद्यालयांत डेटाबेसचे पहिले प्रात्यक्षिक याच पद्धतीने व्हायला हवे. तुकडे जोडून आदेश तयार करण्याची सवय विद्यार्थ्यांना लागली, की तीच पुढे नोकरीत जाते आणि तिची किंमत ज्यांनी विश्वासाने माहिती भरली, ते लोक मोजतात.